सैनिकाचे वेतन, मुलांचा निर्वाह आणि शासनाचे साहाय्य

पती-पत्नी विभक्त झाले तरी मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी संपत नाही. अज्ञान मुलाचे अन्न, वस्त्र, शिक्षण आणि औषधोपचार यांचा खर्च उचलणे हे पालकांचे कायदेशीर कर्तव्य आहे. हा पालक भूदल, नौदल किंवा हवाई दलात सेवेत असेल, तर मात्र कर्तव्य तेच राहूनही त्याच्या अंमलबजावणीचा मार्ग बदलतो. सैनिकाच्या वेतनाला कायद्याने विशेष संरक्षण दिलेले आहे, आणि त्याच्या नेमणुकीचे ठिकाण व रजा त्याच्या हाती नसते. दुसरीकडे, निर्वाहभत्ता वेळेवर न मिळालेल्या मातेला अनेकदा शासनाच्या अनुदान योजनांचा आधार घ्यावा लागतो. वेतनाचे संरक्षण, मुलाचा हक्क आणि शासनाचे साहाय्य या तिन्ही गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, याची माहिती बहुतेक कुटुंबांना प्रश्न उभा राहिल्यानंतरच होते.

मूळ हक्क कोणत्या कायद्याने

सर्व धर्मांच्या नागरिकांना उपलब्ध असलेला मार्ग पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ही तरतूद तिच्या कलम १४४ मध्ये आली. पुरेसे साधन असूनही पत्नी, अज्ञान मूल किंवा आई-वडील यांचा सांभाळ न करणाऱ्या व्यक्तीला दरमहा रक्कम देण्याचा आदेश दंडाधिकारी किंवा कौटुंबिक न्यायालय देऊ शकते. मूल औरस असो वा अनौरस, त्याचा हक्क समान आहे. पाचशे रुपयांची जुनी कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने रद्द झाली. त्याच दुरुस्तीने अंतरिम निर्वाहभत्त्याची तरतूद केली, आणि अंतरिम अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लागावा असे म्हटले.

हिंदू कुटुंबांसाठी याशिवाय हिंदू विवाह अधिनियम, १९५५ आणि हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हे दोन कायदे आहेत. मुलगी सज्ञान झाल्यावर हा फरक महत्त्वाचा ठरतो. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित सज्ञान मुलीला १९५६ च्या अधिनियमातील कलम २० प्रमाणे पित्याकडून निर्वाह मागता येतो. मात्र त्यासाठी त्या कायद्याखाली स्वतंत्र दाद मागावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात स्पष्ट केले.

जबाबदारी केवळ पित्याची आहे असेही नाही. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले, की माताही मिळवती असेल तर मुलांच्या खर्चात दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटा उचलावा. तिन्ही दलांत महिलांची संख्या वाढत असताना या तत्त्वाचे महत्त्वही वाढत आहे.

वेतनाला संरक्षण का आणि किती

सामान्य नोकरदाराविरुद्ध निर्वाहभत्त्याचा हुकूमनामा झाला आणि त्याने रक्कम भरली नाही, तर त्याच्या वेतनावर जप्ती आणता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे निर्वाहाच्या हुकूमनाम्यात वेतनाचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत वेतन जप्त होऊ शकते. त्याच कलमात सैन्य, नौदल व हवाई दलाच्या अधिनियमांखालील व्यक्तींचे वेतन व भत्ते मात्र जप्तीतून पूर्णपणे वगळले आहेत.

सैन्य अधिनियम, १९५० चे कलम २८ हेच सांगते. दिवाणी किंवा महसूल न्यायालयाच्या हुकूमनाम्यासाठी सैनिकाची शस्त्रे, गणवेश, साधनसामग्री तसेच वेतन व भत्ते जप्त करता येत नाहीत. कलम २९ प्रमाणे अशा न्यायालयांच्या आदेशाने त्याला कर्जापोटी अटकही होऊ शकत नाही. यामागील हेतू समजण्यासारखा आहे. सीमेवरील जवानाचे लक्ष सावकाराच्या तगाद्याने विचलित होऊ नये आणि सैन्याची सज्जता खासगी वादांमुळे बाधित होऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. मात्र मूल हे काही सावकार नाही. त्याचा घास या संरक्षणाच्या आड अडू नये, म्हणून त्याच अधिनियमात दुसरा दरवाजा ठेवलेला आहे.

दुसरा दरवाजा : कलम ९० आणि ९१

अधिकाऱ्यांच्या वेतनातून करावयाच्या कपातींची यादी कलम ९० मध्ये आणि जवान व इतर पदांवरील व्यक्तींची यादी कलम ९१ मध्ये आहे. दोन्ही कलमांच्या खंड (आय) प्रमाणे केंद्र सरकार किंवा नियमांनी विहित केलेला अधिकारी यांच्या आदेशाने पत्नीच्या, तसेच औरस वा अनौरस मुलाच्या निर्वाहासाठी वेतनातून रक्कम कापता येते. याच खंडात आणखी एक वाक्यांश आहे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. केंद्र सरकारने त्या पत्नीला किंवा मुलाला काही साहाय्य दिले असेल, तर त्याच्या खर्चापोटीही सैनिकाच्या वेतनातून कपात होऊ शकते. पालकाने टाळलेला भार सरकारने उचलला तर तो पालकाकडून वसूल व्हावा, हे तत्त्व १९५० पासून आपल्या कायद्याच्या पुस्तकात आहे.

जवानांच्या बाबतीत कलम ९४ ची मर्यादाही आहे. निर्वाहासह काही विशिष्ट कपातींची बेरीज एका महिन्यात वेतन व भत्त्यांच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. हवाई दल अधिनियम, १९५० मध्येही निर्वाहासाठी वेतनकपातीची अशीच तरतूद आहे.

नौदलाचा कायदा या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. नौदल अधिनियम, १९५७ चे कलम ३१ सुरुवातीलाच सांगते, की नौसैनिक आपल्या पत्नी व मुलांच्या निर्वाहास इतर कोणत्याही नागरिकाइतकाच जबाबदार आहे. फक्त हुकूमनाम्याची बजावणी त्याच्या शरीरावर, वेतनावर किंवा साधनसामग्रीवर थेट करता येणार नाही. मात्र पत्नी वा मुलांना निराधार सोडल्याचे दिसून आले, किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत अधिकाऱ्यांकडे पोहोचली, तर वेतनातून कपातीचा आदेश देता येतो. ही कपात न्यायालयाने ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही.

अर्जाची पद्धत आणि रकमेचे प्रमाण

भूदलात या तरतुदीची अंमलबजावणी २००१ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या आर्मी ऑर्डरनुसार होत आली आहे. त्यातील प्रमाणे अशी : पत्नीसाठी वेतन व भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्क्यांपर्यंत आणि एकूण कपात ३३ टक्क्यांपर्यंत. समजा, एखाद्या हवालदाराचे वेतन व भत्ते मिळून दरमहा ६०,००० रुपये होतात आणि त्याला दोन मुले आहेत. तर पत्नीसाठी कमाल १३,२०० रुपये, मुलांसाठी प्रत्येकी ३,३०० रुपये, असे एकूण १९,८०० रुपये होतात. मुले तीन असली तरी एकूण मर्यादा ३३ टक्क्यांचीच राहते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी रक्कम येते.

अर्ज साध्या कागदावर पतीच्या युनिटच्या कमान अधिकाऱ्याकडे करता येतो. त्यात पतीचा सैनिक क्रमांक, हुद्दा व युनिट, विवाहाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, विभक्त राहण्याची कारणे, स्वतःचे उत्पन्न आणि बँक खात्याचा तपशील द्यावा. न्यायालयात काही प्रकरण चालू असल्यास तेही लपवू नये. अर्ज आल्यावर सैनिकाला कारणे दाखवा नोटीस दिली जाते. त्याचे उत्तर व वरिष्ठांच्या शिफारशी यांसह प्रकरण वर जाते आणि अंतिम आदेश आर्मी कमांडरच्या पातळीवरील विहित अधिकारी देतो. पत्नी पुण्यात राहते म्हणून अर्ज आपोआप दक्षिण कमांडकडे जाईल असे नाही. पती ज्या कमांडच्या अखत्यारीत नेमणुकीवर आहे, तिकडे तो जातो. बदली झाली की पत्रव्यवहाराचा पत्ता बदलतो. त्यामुळे प्रत्येक अर्जाची पोच आणि आवक क्रमांक जपून ठेवणे आवश्यक आहे.

हा मार्ग न्यायालयापेक्षा कमी खर्चाचा आहे, कारण त्यासाठी वकील नेमण्याची सक्ती नाही आणि रक्कम वेतनातूनच कापली जाते. त्याच्या मर्यादाही आहेत. येथे साक्षी-पुराव्याची उलटतपासणी होत नाही आणि टक्केवारीची कमाल मर्यादा ठरलेली आहे. मुलाला दुर्धर आजार असला किंवा शिक्षणाचा खर्च मोठा असला, तर न्यायालयात जाणे अधिक योग्य ठरते, कारण न्यायालयावर या टक्केवारीचे बंधन नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलासारख्या निमलष्करी दलांना सैन्य अधिनियम लागू नाही, हेही लक्षात घ्यावे. त्यांचे कायदे वेगळे आहेत.

न्यायालय रक्कम कशी ठरवते

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेला निकाल आज या विषयाचा पाया मानला जातो. रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले. निर्वाहभत्ता अर्जाच्या तारखेपासून द्यावा, असे ठरवले. एकाहून अधिक कायद्यांखाली आदेश झाले असतील तर आधीच्या आदेशाची रक्कम नंतरच्या आदेशात विचारात घ्यावी, असेही सांगितले. म्हणून सैनिकी कार्यालयाकडून कपात सुरू असेल तर ती न्यायालयापुढे उघड करावी लागते.

सैनिकाच्या उत्पन्नात मूळ वेतन, महागाई भत्ता आणि सैनिकी सेवा वेतन असते. सातव्या वेतन आयोगानुसार सैनिकी सेवा वेतन जवानांना दरमहा ५,२०० रुपये, तर ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना १५,५०० रुपये आहे. याशिवाय खडतर नेमणुकीचे भत्ते मिळतात. सियाचीनचा भत्ता २०१७ मध्ये जवानांसाठी १४,००० वरून ३०,००० रुपये झाला. परंतु असा भत्ता त्या नेमणुकीपुरताच असतो. बर्फातून मैदानी छावणीत परतलेल्या जवानाचे उत्पन्न एका महिन्यात घटते, आणि वाढलेल्या उत्पन्नावर ठरलेली रक्कम त्याला जड जाते. परिस्थिती बदलल्यास निर्वाहभत्ता वाढवण्याचा वा कमी करण्याचा अर्ज दोन्ही पक्षांना करता येतो. आदेश जुना आहे म्हणून परस्पर पैसे थांबवणे मात्र बेकायदा आहे.

निवृत्ती हे असेच एक वळण. जवान तुलनेने कमी वयात निवृत्त होतात आणि त्या वेळी मुले शाळेत असतात. शमीमा फारुकी विरुद्ध शाहीद खान या प्रकरणात पती सैन्यात नाईक होता. पत्नीने १९९८ मध्ये केलेल्या अर्जाचा निकाल कौटुंबिक न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आणि दरमहा ४,००० रुपये ठरवले. पती निवृत्त झाल्याचे कारण देऊन उच्च न्यायालयाने ते २,००० वर आणले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये ४,००० रुपयांचा आदेश पुन्हा कायम केला. धडधाकट माणूस निवृत्तीचे निमित्त करून जबाबदारी झटकू शकत नाही, हा त्या निकालाचा आशय आहे. निवृत्तिवेतनाला जप्तीपासून संरक्षण देणारा १८७१ चा कायदाही निर्वाहभत्त्याच्या आड येत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये घेतली.

सैनिकाची बाजू

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. समन्स घरी येते तेव्हा जवान हजारो किलोमीटर दूर असतो. रजा मिळेपर्यंत तारीख उलटून जाते आणि एकतर्फी आदेश होतो. वृद्ध आई-वडील त्याच्यावरच अवलंबून असतात, आणि त्यांचाही निर्वाहाचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे.

म्हणून सैनिकाला काही सवलती आहेत. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५ प्रमाणे युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचे कामकाज पुढे ढकलता येते. सैन्य अधिनियमाच्या कलम ३२ नुसार दाव्यासाठी रजा मंजूर झाल्याचे किंवा मागितल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र दिल्यास न्यायालयाने त्या रजेच्या काळात सुनावणी पूर्ण करण्याचा प्रयत्न करावयाचा असतो. निर्वाहभत्त्याचा एकतर्फी आदेश झाला असल्यास सबळ कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत तो रद्द करण्याची मागणी करता येते. या सवलती वेळ मिळवून देतात. जबाबदारीतून सुटका देत नाहीत.

मध्यंतरीच्या काळातील शासकीय आधार

निर्वाहभत्त्याचा आदेश होऊन पहिली रक्कम हाती पडेपर्यंत वर्षे जातात, हे वरील प्रकरणावरून दिसतेच. तोवर मुलांची फी आणि घरभाडे थांबत नाही. महाराष्ट्रात या काळात प्रामुख्याने दोन योजनांचा उपयोग होतो.

पहिली, १९८० पासून चालू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिच्या पात्रतेत घटस्फोटाच्या प्रक्रियेतील महिला, तसेच घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या किंवा योजनेच्या उत्पन्न मर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणाऱ्या महिलांचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. अर्ज तहसील कार्यालयामार्फत होतो. दुसरी, बालसंगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. एक पालक असलेल्या किंवा कौटुंबिक संकटातील मुलांचे घरातच संगोपन व्हावे, यासाठी २०२३ पासून प्रत्येक बालकामागे दरमहा २,२५० रुपये देण्याची तरतूद झाली. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे अर्ज केल्यावर बालकल्याण समितीचा आदेश लागतो.

सैनिकाच्या परित्यक्ता पत्नीपुढे येथे एक विचित्र अडचण उभी राहते. घटस्फोट झालेला नसल्याने कागदोपत्री ती शासकीय सेवकाची पत्नी असते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत परित्यक्ता महिला पात्र आहेत. पण कुटुंबातील सदस्य नियमित शासकीय कर्मचारी असल्यास अपात्रतेची अटही आहे. पतीच्या वेतनातला एकही रुपया घरात येत नाही, आणि तेच वेतन उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र दिसते. अशा वेळी विभक्त राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र, न्यायालयातील अर्जाची प्रत, वेगळी शिधापत्रिका आणि स्वतःच्या उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे निर्णायक ठरतात.

शासनाचे अनुदान मिळते म्हणून पालकाची जबाबदारी कमी होते, असा समज मात्र चुकीचा आहे. अनुदान हा तात्पुरता आधार आहे, तर निर्वाहभत्ता हा पालकाच्या ऐपतीशी जोडलेला मुलाचा हक्क आहे. दोन्ही रकमांतील अंतरही मोठे आहे. वरील उदाहरणातील दोन मुलांची माता सैनिकी कार्यालयाकडून १९,८०० रुपयांपर्यंत मिळवू शकते. दोन्ही योजनांचा पूर्ण लाभ मिळाला तरी तिच्या हाती ६,००० रुपये येतात. त्याचप्रमाणे निर्वाहभत्ता सुरू झाल्यावर तो अनुदान देणाऱ्या कार्यालयास कळवणे हे लाभार्थीचे कर्तव्य आहे. अन्यथा पुढे वसुलीचा प्रसंग येऊ शकतो.

अमेरिकेतील वेगळी वाट

अमेरिकेने या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगळ्या रीतीने शोधली. तेथे १९७५ च्या कायद्याने मुलांच्या निर्वाहभत्त्याच्या वसुलीची सरकारी यंत्रणा उभी राहिली, आणि सैनिकांचे वेतनही खासगी नोकरदाराच्या वेतनाप्रमाणे या वसुलीसाठी खुले झाले. कपातीची मर्यादा परिस्थितीनुसार निव्वळ वेतनाच्या ५० ते ६५ टक्क्यांपर्यंत आहे. सेवेमुळे हजर राहू न शकणाऱ्या सैनिकाला २००३ च्या कायद्याने किमान ९० दिवसांची तहकुबी मागता येते.

गरजू कुटुंबाने रोख सरकारी मदत घेतली, तर मदतीच्या काळातील निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क राज्याकडे वर्ग होतो. पित्याने भरलेली रक्कम मुलापर्यंत पोहोचण्याऐवजी सरकारी तिजोरीत जाते, ही या पद्धतीवरील मुख्य टीका आहे. ती कमी करण्यासाठी राज्यांना एका मुलामागे १०० आणि दोन वा अधिक मुलांसाठी २०० डॉलरपर्यंतची मासिक रक्कम कुटुंबाला देऊ करण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा नियम ठाऊक असणे उपयोगाचे आहे. आपल्याकडे वसुलीचा मार्ग कमकुवत आहे. पण अनुदान घेतल्यामुळे मातेचा हक्क शासनाकडे जात नाही, ही जमेची बाजू.

मदत कोठे मिळेल

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करावा. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना कायदेविषयक साहाय्य देण्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली. पतीच्या युनिटचा पत्ता माहीत नसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय किंवा संबंधित रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय येथे चौकशी करता येते.

कोणता मार्ग आधी घ्यावा, याचे सर्वसाधारण उत्तर असे देता येईल : कमान अधिकाऱ्याकडील अर्ज आणि न्यायालयातील अंतरिम अर्ज हे दोन्ही लवकर करावेत, आणि एकाची माहिती दुसरीकडे द्यावी. निर्वाहभत्ता अर्जाच्या तारखेपासून मोजला जातो, त्यामुळे अर्जास उशीर म्हणजे मुलाच्या पैशांचे नुकसान. थकबाकीच्या वसुलीसाठी कलम १४४ खालील अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत टळू देऊ नये. पती-पत्नीमधील दोषादोषाचा निर्णय न्यायालय यथावकाश करील. मुलाची शाळा मात्र जूनमध्येच सुरू होते, आणि कायद्यातील या सर्व तरतुदींचा उपयोग त्याआधी अर्ज करणाऱ्यालाच होतो.